वाड्यातील तीन मुठी : डागडुजीच्या प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

८ जून २०२५

वाई तालुक्यातील एका जुन्या वाड्यात, देवघराशेजारच्या कोनाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली तीन शस्त्रे आज पांढऱ्या सुती कापडावर मांडून दिवसाच्या उजेडात पाहिली. एक वक्र पात्याची तलवार, एक कट्यार आणि एक पेशकब्ज, म्हणजे खुपसण्यासाठी केलेला खंजीर. तिन्हींची पाती बऱ्या अवस्थेत आहेत. अडचण आहे ती मुठींची. तलवार हलवली की पाते मुठीत खुळखुळते, कट्यारीच्या मुठीच्या सांध्यांत गंज साचला आहे आणि पेशकब्जाच्या मुठीवरील एक पांढरी पट्टी एका टोकाला उचलली गेली आहे.

घरच्या आजींचे म्हणणे थोडक्यात असे होते : “खंडेनवमीला ही पुजेला बाहेर काढतो, तेव्हा पोरं हातात घेतात. पातं निसटून कुणाच्या पायावर पडायला नको. एवढं करून द्या, चकचकीत नाही केलीत तरी चालेल.” हे शेवटचे वाक्य ऐकून मला फार बरे वाटले, कारण जुन्या शस्त्रांचे सर्वाधिक नुकसान चकचकीत करण्याच्या हौसेपायीच होते. कामाची मर्यादा आम्ही लेखी ठरवली : सैल मूठ पक्की करायची, गंज थांबवायचा, जे आहे ते टिकवायचे, आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती पुढच्या माणसाला इजा न करता उलटवता येईल अशीच ठेवायची. पात्यांना धार लावायची नाही, हेही त्यात आहे.

१५ जून २०२५

आजचा दिवस मोजमापांत गेला. तलवारीचे एकूण वजन ९४० ग्रॅम असून ठोल्यापासून टोकापर्यंत पाते ७५ सेंटीमीटर लांब आहे. मूठ पूर्णपणे लोखंडी आहे. तिच्या भागांची नावे प्रांतोप्रांती थोडी बदलतात, म्हणून या नोंदींत मी कोणता शब्द कशासाठी वापरतो ते येथेच लिहून ठेवतो. हाताच्या पकडीचा, मध्ये फुगीर असलेला भाग ती मूठ. तिच्या पुढच्या अंगाला आडवे निघालेले, टोकाशी गोळा असलेले दोन हात ते ठोले. एका ठोल्यापासून बोटांपुढून वळत मागे जाणारी पट्टी ती परज. मागच्या टोकाला बशीसारखी असलेली गोल चकती ती गादी. आणि गादीवरचा घुमट व त्याच्या शेंड्याचे बोंड मिळून मोगरा. ठोल्यांच्या मधून पात्याच्या दोन्ही बाजूंवर उतरणाऱ्या जिभांना मी नखे म्हणतो. ही नखे म्यानाच्या तोंडावर बसतात आणि पात्याला दोन्हीकडून आधारही देतात.

ठोले आणि गादी यांच्यामधले अंतर ७२ मिलिमीटर भरले. माझ्या चार बोटांची रुंदी ८४ मिलिमीटर आहे, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने मूठ धरली तर हात आत मावतच नाही. जुन्या तलवारी पाहताना “पूर्वीच्या माणसांचे हात लहान होते” असे सर्रास बोलले जाते, पण त्यांच्याच उंचीच्या, बांध्याच्या वर्णनांशी ते जुळत नाही. मी तीन बोटे आत ठेवून तर्जनी ठोल्याच्या पुढून वळवली, तेव्हा हात घट्ट आणि नेमका बसला. मुठीलगत पात्याला दोन बोटे रुंदीपर्यंत धारच नाही, त्यामुळे तर्जनीला धोकाही नाही. पुढे लक्षात आले ते आणखी महत्त्वाचे आहे. या पकडीत मनगट पुढे झुकवून टोक समोर खुपसायचा प्रयत्न केला की गादीची कड मनगटाच्या हाडाला टोचते. मनगट न झुकवता, कोपर आणि खांद्यातून हात ओढत आणला की मात्र पाते आपोआप कापत मागे येते. वक्र पात्याला हवी असलेली ओढती चाल ही अशी मुठीतच बसवून ठेवलेली आहे.

२९ जून २०२५

पावसामुळे वाड्यातील हवेत आर्द्रता फार होती, म्हणून घरच्यांच्या लेखी संमतीने तिन्ही वस्तू माझ्या कामाच्या खोलीत आणल्या. हवाबंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह त्या ठेवल्या आहेत.

तलवारीची मूठ दहापट भिंगाखाली पाहिली. दोन्ही अरुंद कडांवरून, गादीपासून ठोल्यापर्यंत, एक बारीक पिवळसर रेघ जाते. म्हणजे ही मूठ दोन अर्ध्या भागांत घडवून, पितळी डाक देऊन जोडलेली आहे आणि आतून पोकळ आहे. आपल्याकडच्या लोखंडी मुठी मोठ्या प्रमाणात याच रीतीने होत असत. पोकळ ठेवण्यात लोखंडाची बचत आहे, पण मुख्य कारण जोडणीत आहे. आपल्या तलवारींच्या पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा निमुळता भाग, आखूड असतो; तो मुठीच्या पोकळीत लाखेच्या किंवा राळेच्या गरम लगद्यात बसवतात. युरोपीय तलवारीत बहुधा ही शेपटी मुठीच्या आरपार जाऊन मागच्या टोकाला ठोकून बंद केलेली असते, त्यामुळे मूठ बदलायची तर ते टोक कापावे किंवा कानसावे लागते. आपल्याकडे निखाऱ्याची ऊब दिली की मूठ सुटते. पाते एका ठिकाणचे, मूठ दुसऱ्या ठिकाणची, आणि तीही दोन-तीनदा बदललेली, हे आपल्या शस्त्रांत इतके सर्रास का आढळते याचे उत्तर या साध्या लगद्यात आहे. म्हणूनच मुठीच्या घाटावरून पात्याचे वय सांगणाऱ्याने जपून बोलावे असे मला वाटते.

गादीच्या खालच्या बाजूला आणि ठोल्यांच्या मुळाशी, जिथे हात आणि घासणी पोचत नाही तिथे, काळपट रुपेरी वेलबुट्टीचे अवशेष आहेत. पाच पाकळ्यांचे एक पूर्ण फूल आणि दोन पाने स्पष्ट दिसतात. ही कोफ्तगरी आहे. तिच्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक छिन्नीने दोन-तीन दिशांनी ओरखडे काढून तो खरखरीत करतात, त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार नक्षीप्रमाणे हलक्या हातोडीने दाबत नेतात, मग ऊब देऊन अकीकाच्या घोटणीने घोटतात. तहनिशानात खोल चर खोदून त्यात धातू बसवलेला असतो. कोफ्तगरीतली चांदी मात्र केवळ ओरखड्यांच्या दातांवर धरलेली असते. उरलेल्या मुठीवर चांदी नाही, पण भिंगाखाली ते आडवेतिडवे ओरखडे सर्वत्र दिसतात. एके काळी ही मूठ अखंड रुपेरी होती.

ती चांदी कुठे गेली, हे आजींना विचारल्यावर फोनवर लगेच कळले. त्यांच्या सासूबाईंच्या काळापासून दसऱ्याच्या आधी शस्त्रे चिंचेच्या कोळाने आणि विटेच्या भुकटीने घासली जात. चिंचेतले आम्ल गंज सोडवते आणि विटेची भुकटी तो खरवडून काढते, हे खरे. पण केसाइतक्या जाडीची चांदीही त्याबरोबर दरवर्षी थोडीथोडी निघून गेली. यात कोणाचा दोष नाही. त्यांनी शस्त्रांची काळजीच घेतली होती.

१३ जुलै २०२५

मूठ सोडवली. चपडा लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधीच मऊ पडते. पात्याच्या कडकपणाला धक्का पोचण्याची भीती दीडशे अंशांच्या पुढे सुरू होते. मधली जागा पुरेशी मोठी असली तरी उघडी ज्योत मी वापरली नाही, कारण ज्योतीखाली एकाच ठिकाणचे तापमान क्षणात दोनशेच्या पुढे जाते आणि उरलेली चांदी उचलली जाण्याचा संभव असतो. गरम हवेची गन लांबून फिरवत वीस मिनिटे सावकाश ऊब दिली. चकाकत्या धातूवर इन्फ्रारेड तापमापी खूप कमी तापमान दाखवते, म्हणून मुठीवर काळ्या चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून त्यावर मोजमाप घेतले. ८५ अंशांना पाते हलक्या ओढीने बाहेर आले.

आत जे निघाले ते मी क्रमाने टिपून, लेबल लावलेल्या पाकिटांत ठेवले आहे. पोकळीच्या तळाशी, मोगऱ्याच्या बाजूला, तांबूस-तपकिरी, कठीण आणि ठिसूळ असा जुना लगदा होता. त्यात विटेची भुकटी स्पष्ट दिसते, आणि ऊब दिल्यावर येणारा वास लाखेचाच आहे. त्यावर, ठोल्यांच्या बाजूला, बांबूच्या चार चपट्या पाचरी आणि एक तेलकट चिंधी कोंबलेली होती. लाख कालांतराने आकसून तडकली, पाते हलू लागले, तेव्हा कोणीतरी मूठ न सोडवता पुढूनच पाचरी ठोकल्या असाव्यात. चिंधीने ओल धरून ठेवल्याने शेपटीचा तेवढाच भाग गंजला आहे. शेपटी ४१ मिलिमीटर लांब आहे. टोकाला ती किंचित पसरट असून तिच्यावर मुद्दाम मारलेले तीन तिरके घाव आहेत. लगद्याला धरायला जागा मिळावी म्हणून ते केलेले असणार.

मूठ सुटी झाली म्हणून एक गोष्ट करता आली, ती म्हणजे दोन्ही भाग वेगळे तोलणे. पाते ६०० ग्रॅम, आणि लगद्यासकट मूठ ३४० ग्रॅम. जोडलेल्या अवस्थेत तलवारीचा तोल ठोल्यांपासून १८ सेंटीमीटरवर होता. मी आकडेमोड करून पाहिली : याच पात्याला शंभर ग्रॅमची लाकडी मूठ बसवली असती, तर तोल २६ सेंटीमीटरच्या पुढे गेला असता आणि ही तलवार हातात कोयत्यासारखी पुढे ओढत राहिली असती. लोखंडाची गादी आणि तिच्यावरचा भरीव मोगरा हे पात्याच्या वजनाला मागून दिलेले उत्तर आहे. मुठीच्या धातूकडे आपण सजावटीच्या नजरेने पाहतो, पण तो आधी तोलासाठी निवडलेला असतो.

२७ जुलै २०२५

मुठीच्या आतला गंज बांबूच्या टोकदार काडीने आणि काचतंतूंच्या लेखणीने कोरडाच काढला. बाहेरून मात्र काचतंतू वापरले नाहीत. तेथे भिंगाखाली, स्काल्पेलच्या पात्याने, गंजाची एकेक पापडी बाजूने उचलावी लागते. चांदीजवळ लोखंडाचा गंज चांदीच्या खालून फुगत येतो, आणि वरून खरवडला की चांदीसकट निघतो. दोन तासांत दोन चौरस सेंटीमीटर जागा झाली. चांदीवरचा काळेपणा गंधकाच्या संयुगाचा आहे, तो मी तसाच ठेवला, कारण पांढऱ्या खडूच्या भुकटीने घासायचे म्हटले तरी तिथे घासण्याइतकी जाडी उरलेली नाही.

पात्यावर जुन्या खोबरेल तेलाचा पिवळा, चिकट थर होता. वनस्पतिजन्य तेले हवेत हळूहळू घट्ट होतात, धूळ धरतात आणि खाली आम्लता वाढवतात. स्पिरिटच्या बोळ्याने थर निघाला आणि तिथे पांढरे खनिज तेल अगदी पातळ लावले.

१० ऑगस्ट २०२५

तलवारीची लाख बाजारातून येईपर्यंत कट्यार हाती घेतली.

कट्यारीची मूठ नेहमीच्या शस्त्रांसारखी नाही. दोन समांतर लोखंडी पट्ट्या पात्याच्या रेषेत मागे जातात आणि त्यांना जोडणारे दोन आडवे गज मधोमध फुगीर असतात. हात त्या गजांभोवती मूठ वळतो आणि पाते वळलेल्या मुठीच्या पुढे, थेट कोपरापासूनच्या रेषेत येते. या कट्यारीची एकूण लांबी ३८ सेंटीमीटर, बाजूच्या पट्ट्या १६ सेंटीमीटर, आणि पट्ट्यांमधले अंतर ७.४ सेंटीमीटर आहे. येथेही पकड तंग आहे. बाजूच्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांना टेकतात, त्यामुळे मनगट वळूच शकत नाही, आणि ठोशाचा सगळा जोर टोकावर जातो. पात्याचे टोक जाड केलेले आहे ते याच जोरासाठी, साखळी-चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून.

दक्षिणेकडे, विजयनगर आणि पुढे तंजावरच्या परंपरेत, अशा कट्यारीला बोटांच्या पाठीवर पानाच्या किंवा शिंपल्याच्या आकाराची ढाल जोडलेली असे. उत्तरेकडच्या कट्यारींतून ती गळून पडली, आणि आपली कट्यार या दुसऱ्या जातीची आहे. पात्याचे मूळ दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये सहा रिव्हेटांनी बसवलेले आहे. युरोपीय तलवारींची मोडलेली पाती कापून कट्यारींना जोडताना हीच रीत वापरत. आपल्या पात्यावर मधोमध दोन समांतर, उथळ पन्हळी आहेत आणि त्या मुळाशी अर्ध्यावरच तुटल्यासारख्या संपतात, त्यामुळे हे पाते मूळचे एखाद्या लांब तलवारीचे असावे असे माझे मत झाले आहे. रिव्हेट काढले नाहीत. फटींमधून सुईच्या टोकाने गंज काढून, स्पिरिटने ओल हाकलून, गरम केलेले मायक्रोक्रिस्टलाइन मेण आत झिरपू दिले. कट्यारीचे काम येथे संपले.

२१ ऑगस्ट २०२५

मुंबईत दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, त्याला जोडून पहिले रघुजी भोसले यांची तलवार पाहिली. नागपूरच्या भोसले घराण्याच्या या संस्थापकाची तलवार एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. पाते सरळ, एकधारी, युरोपात घडलेले. मूठ मराठा घाटाची, सोन्याच्या कोफ्तगरीने सजवलेली, पकडीवर हिरवे कापड गुंडाळलेले. आणि पात्याच्या पाठीजवळ देवनागरीत रघुजींचे नाव, त्यांची सेनासाहेबसुभा ही पदवी आणि ‘फिरंग’ हा शब्द. परदेशी पात्याच्या तलवारीला आपल्याकडे फिरंग म्हणत, आणि येथे ते नाव शस्त्रावरच लिहिलेले आहे.

गर्दीतही बराच वेळ मी मुठीपुढे उभा राहिलो, कारण माझ्या पेटीतली मूठ आणि ही मूठ दोन वेगळ्या विचारांच्या आहेत. मराठ्यांच्या सरळ तलवारींच्या, म्हणजे धोपेच्या आणि खांड्याच्या मुठीत बोटांपुढची अरुंद परज रुंद होऊन पत्र्याचे संरक्षक आवरण बनते. आत कापसाचा थर शिवून कापडाचे किंवा मखमलीचे अस्तर लावतात, म्हणजे आघात बोटांच्या सांध्यांना लागत नाही. गादीच्या मागून एक लांब, किंचित वाकलेला गज निघतो. गरज पडली की डावा हात त्यावर ठेवून दोन्ही हातांनी घाव घालता येतो, आणि एरवी तो मनगटाच्या खालच्या बाजूला राहतो. पात्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कातरलेल्या नक्षीच्या पट्ट्या रिव्हेटने जोडून पाते जाड करतात, कारण लांब, लवचीक पाते मुठीच्या तोंडाशीच वाकते किंवा मोडते. दांडपट्ट्यात हा विचार शेवटापर्यंत नेलेला आहे. तेथे हात कोपराजवळपर्यंत लोखंडी हातमोज्यात जातो आणि पकड कट्यारीसारख्या आडव्या गजाची असते. तलवारीत मनगटाला आवर घातला जातो, दांडपट्ट्यात तो सांधाच काढून घेतलेला असतो, आणि सगळी चाल खांदा व कमरेतून करावी लागते.

दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात पुन्हा एकदा फेरी मारली. मुघल दरबारी खंजिरांच्या मुठी हा माझ्या प्रकल्पाबाहेरचा विषय, पण एक टिपण करून ठेवतो. संगेयशब, म्हणजे नेफ्राइट जातीचा जेड, खोतानकडून येत असे. तो पोलादी छिन्नीने कोरता येत नाही, त्याला कुरुंदासारख्या कठीण भुकटीने झिजवून आकार द्यावा लागतो. घोड्याच्या मानेचा आकार आणि त्यावर कुंदनात बसवलेली माणके यांची वाहवा होते, ती योग्यच आहे. मला जास्त मोलाचे वाटते ते हे, की हा दगड आतल्या तंतूंच्या गुंतागुंतीमुळे सहज तडकत नाही आणि म्हणूनच त्यात शेपटीसाठी खोल भोक पाडता येते. स्फटिकाची मूठ दिसायला तितकीच देखणी असते, पण पडली तर फुटते.

७ सप्टेंबर २०२५

गणपतीचे दिवस गेले आणि काम पुन्हा सुरू झाले. लगद्याचे प्रमाण ठरवण्यासाठी लहान लोखंडी नळ्यांत चार नमुने ओतून पाहिले. नुसती लाख थंड होताना फार आकसते आणि धक्क्याने तडकते. विटेची भुकटी जास्त झाली की लगदा वाहत नाही आणि आत पोकळी राहते. शेवटी वजनाने दोन भाग चपडा लाख, एक भाग वस्त्रगाळ विटेची भुकटी आणि लाखेच्या विसाव्या भागाइतके मधमाशांचे मेण हे मिश्रण पसंत केले. इपॉक्सी वापरण्याचा सल्ला एका अनुभवी स्नेह्यांनी दिला होता. ते अधिक पक्के बसेल हे मान्य आहे, परंतु पन्नास वर्षांनी कोणाला ही मूठ सोडवायची झाली तर त्याला ती जाळावी किंवा फोडावी लागेल, आणि तलवारीच्या दृष्टीने हा सौदा वाईट आहे.

पहिला प्रयत्न फसला. मूठ ८५ अंशांपर्यंत तापवली होती, पण शेपटी पुरेशी तापवली नव्हती. ती आत जाताच लाख तिच्याभोवती लगेच गोठली, पाते चार मिलिमीटर बाहेर राहिले आणि पात्याचा कल परजेच्या रेषेपासून डोळ्यांना दिसेल इतका डावीकडे गेला. चूक पूर्णपणे माझी. दुरुस्तीला मात्र अर्धा तासच लागला : पुन्हा ऊब दिली, पाते काढले, लगदा खरवडला. इपॉक्सीत हीच चूक झाली असती तर ती कायमची राहिली असती.

१४ सप्टेंबर २०२५

दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. या वेळी मूठ उलटी, मोगरा खाली करून वाळूच्या पेटीत रोवली, पोकळी दोन-तृतीयांश भरेल इतका पातळ लगदा ओतला, शेपटीही ९० अंशांपर्यंत तापवली आणि पाते सरळ वरून खाली सोडले. लगदा नखांच्या फटीतून वर आला, म्हणजे आत हवा उरली नाही. ओळंबा टांगून पाते उभे केले. पात्याची धार आणि परज एकाच प्रतलात आहेत की नाही हे मागे ताणलेल्या काळ्या दोऱ्याशी पडताळले, कारण ती रेषा चुकली तर घावाच्या वेळी मूठ हातात फिरते. लाख मऊ असतानाच नखांबाहेर आलेला भाग बांबूच्या सुरीने कापून काढला. चार तास तसेच राहू दिले.

संध्याकाळी मूठ कानाजवळ नेऊन पात्यावर बोटाने टिचकी मारली. आधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असे. आता एकसंध, लांबत जाणारा नाद येतो. वजन ९३६ ग्रॅम, आणि तोल १८ सेंटीमीटरवरच आहे.

२१ सप्टेंबर २०२५

पेशकब्ज. याची जोडणी तिसऱ्याच प्रकारची आहे. पात्याची शेपटी मुठीच्या पूर्ण रुंदीची असून तिच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या पट्ट्या तीन पितळी रिव्हेटांनी बसवल्या आहेत, आणि कडेने पातळ लोखंडी पट्टी फिरवली आहे. लाखेचा येथे काही संबंध नाही. पाठ जाड, सरळ आणि पाते टोकाकडे निमुळते, म्हणजे खुपसण्यासाठीच केलेले. त्या चालीत मूठ मागे ढकलली जाते आणि तो जोर लगद्यापेक्षा अखंड पोलादाने सोसलेला बरा.

घरात या मुठीला हस्तिदंती म्हणतात. हस्तिदंत आणि हाड यांतला फरक मूठ पॉलिश केलेली असली की वरून कळत नाही. आडव्या छेदाच्या कडेला पाहावे लागते. उजव्या पट्टीच्या मागच्या टोकावर भिंगाखाली एकमेकींना छेदणाऱ्या, जाळीसारख्या बारीक कमानी दिसल्या, आणि ही खूण हत्तीच्या दातात असते. डाव्या, उचललेल्या पट्टीवर तशी जाळी नाही. तेथे बारीक काळे ठिपके आणि लहान रेघा आहेत, म्हणजे हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. वॉलरसचा दात, ज्याला शिरमाही म्हणत आणि जो अशा मुठींसाठी फार मानाचा होता, त्याचा आतला भाग रवाळ, डागाळलेला दिसतो. तसे दोन्हीकडे काही नाही. एक बाजू मूळ हस्तिदंताची, दुसरी नंतर केव्हातरी हाडाची बसवलेली. त्या कारागिराने हाड इतके जुळते निवडले आहे आणि कडा इतक्या नेमक्या मिळवल्या आहेत, की कामाबद्दल मला मनापासून आदर वाटला.

हाडाची पट्टी बदलायची नाही असे ठरवले. तीही आता या शस्त्राच्या इतिहासाचा भाग आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हस्तिदंताचा विचार करण्याचा प्रश्नच येत नाही. पट्टी उचलली गेली आहे ती खालचा लोखंडी गंज फुगल्यामुळे. गंज फटीतून कोरडा काढला, पट्टीला पाण्याचा स्पर्श होऊ दिला नाही, कारण हाड आणि दात दोन्ही ओल शोषून वाकतात. उरलेल्या फटीत मेण भरले. रिव्हेट घट्ट करण्याचा मोह टाळला; हातोडीच्या एका ठोक्याने जुने हाड उभे चिरते.

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

शस्त्रे काल वाड्यात परत पोचवली. पूजेबद्दल आजींशी आधीच सविस्तर बोलणे झाले होते. ओले गंध, हळदकुंकू, झेंडूची फुले आणि नारळाचे पाणी रात्रभर लोखंडावर राहिले की दुसऱ्या दिवशी त्या जागी गंजाचा ठिपका हमखास उमटतो. तलवारीच्या गादीवर असे गोल डाग ओळीने आहेत, आणि ते वर्षानुवर्षे एकाच जागी लावलेल्या बोटाचे आहेत. मी सुचवले की शस्त्रे विड्याच्या पानांवर न ठेवता कोऱ्या कोरड्या कापडावर ठेवावीत, गंध-कुंकू पुढे ठेवलेल्या सुपारीला लावावे आणि फुले म्यानावर वाहावीत. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “देवाला चालेल, पण मला एक बोट तरी लावू द्या.” शेवटी परजेच्या टोकाला रेशमी दोरा बांधला आणि त्या दोऱ्याच्या गाठीवर कुंकवाचे बोट लागले.

नातवाला मूठ धरायला दिली, तेव्हा त्यानेही आधी चारही बोटे आत घालायचा प्रयत्न केला. तर्जनी ठोल्यापुढे घ्यायला सांगितल्यावर त्याची पकड लगेच जमली.

१२ ऑक्टोबर २०२५

दसऱ्यानंतरची तपासणी. तलवारीची मूठ पक्की आहे. ठोल्याला डायल गेज लावून पात्याच्या टोकाशी हलका दाब दिला, जोडात हालचाल नाही. कोफ्तगरीच्या तीन जागांची छायाचित्रे जूनमधल्या छायाचित्रांशी ताडून पाहिली, चांदी गेलेली नाही. कट्यारीच्या एका रिव्हेटभोवती तांबूस कड पुन्हा दिसली, तेथे मेण काढून पुन्हा झिरपवले. पेशकब्जाची हाडाची पट्टी अर्धा मिलिमीटर खाली बसली आहे, बहुधा कोरड्या पेटीत ठेवल्यामुळे.

जुना लगदा, बांबूच्या पाचरी आणि चिंधी यांची पाकिटे, मोजमापांचा तक्ता आणि नव्या लगद्याचे प्रमाण लिहिलेला कागद हे सर्व शस्त्रांच्याच पेटीत ठेवले आहे. म्यानाचे लाकूड आतून ओलसर असल्याने तलवार म्यानात घालून ठेवू नये, म्यान वेगळे ठेवावे, असे पेटीच्या झाकणावर आतून लिहिले. सिलिका जेल बदलण्याची पुढची तारीख १५ जून २०२६.